ओट गोठ्यात, साखर घरात

आमच्या तात्यांना शुगर निघाली. आमच्याकडे शुगर होत नाही, निघते. विहिरीला पाणी निघावं तशी. फरक इतकाच की पाण्यासाठी पाणाड्या बोलवावा लागतो, नारळ फोडावा लागतो आणि तरी बोअर कोरडं जातं. शुगर पहिल्याच झटक्याला निघते. उपाशीपोटीची १८२, तीन महिन्यांची ८.४.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर एक कागद दिला, लॅमिनेट केलेला. तात्यांच्या घरात त्याआधी लॅमिनेट केलेली एकच वस्तू होती, पोराचं दहावीचं मार्कशीट. त्यामुळे कागदाला आल्या आल्याच मान मिळाला. घरातली सगळी गोळा झाली आणि तात्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. सकाळी सहा भिजवलेले बदाम आणि दोन अक्रोड. मग साय काढलेल्या दुधात ओट्स. अकराला सफरचंद. दुपारी दोन फुलके, अर्धी वाटी ब्राउन राइस, ऑलिव्ह तेल घातलेलं सॅलड. चारला ग्रीन टी आणि भाजलेले मखाणे. रात्री सूप आणि ग्रिल्ड पनीर.

तात्यांनी चष्मा पुसला. "ओट म्हंजे आपण जर्शीला टाकतो तेच ना रं?"

तेच. आंबेगाव-जुन्नरला रब्बीत चाऱ्यासाठी ओट करतात, केंट नावाची जात आहे, गोठ्यामागे तात्यांचं स्वतःचं पाच गुंठे उभं होतं. तात्या काही वेळ त्या कागदाकडे आणि काही वेळ गोठ्याकडे बघत राहिले. "मंग मला तिकडंच बांधा की. दावं हाय, गव्हाण हाय."

हसून झाल्यावर काकीने हिशोब मांडला. ती शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण खुरपणीच्या रोजाचा हिशोब तिला बँकेच्या मॅनेजरपेक्षा चांगला येतो. बदाम किलोला हजाराच्या घरात. पनीर तीनशे-चारशे. ऑलिव्ह तेलाची बाटली मंचरच्या मोठ्या दुकानात बघितली तेव्हा तिला ती आधी औषधच वाटली, आणि किंमत बघून खात्री पटली. दिवसभर वाकून तीन-साडेतीनशे मिळतात. कागदाप्रमाणे एका माणसाला जगवायचं तर दुसऱ्या माणसाला रोज खुरपायला पाठवावं लागेल, आणि त्या दुसऱ्याने काय खायचं हे कागदावर नाही.

कागद लिहिणाऱ्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही. तो कुठल्यातरी चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरासाठी लिहिला गेला, झेरॉक्स होत होत घाट चढला आणि आमच्या चुलीपुढे येऊन बसला.

आता शुगरचा मुक्काम बघा. घोड, मीना, कुकडी, पुष्पावती अशा नद्यांचा हा मुलूख. डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. पाणी आलं, कालवे आले, आणि बाजरी-हुलग्याच्या जमिनीत ऊस उभा राहिला. इकडे विघ्नहर, तिकडे भीमाशंकर असे दोन साखर कारखाने. उसात बिबट्या आला, माद्या उसातच वीत आहेत. बिबट्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, वनखात्याकडे पिंजरे आहेत, माणूस मेला तर भरपाई आहे. उसातून दुसरं जे जनावर थेट घरात आलं, डब्यात बसलं आणि रोज सहा वेळा चहातून चावतं, त्याला पिंजरा नाही. उलट दिवाळीला सभासदाला ते सवलतीच्या दरात पोत्याने मिळतं. सहकारी कारखान्यांची ही जुनी रीत, आणि तिचा अभिमानही आहे. शेअरची साखर सोडणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे.

रेशनचंही तसंच. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याप्रमाणे माणशी महिन्याला पाच किलो धान्य, अंत्योदयवाल्यांना कुटुंबामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. ज्यांनी उपास काढलेत त्यांना याची किंमत विचारा, मी त्याची टर उडवणार नाही. पण पिशवीत काय येतं? गहू आणि तांदूळ. डाळ नेमाने नाही. २०२२ च्या दिवाळीला सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला : किलोभर रवा, किलोभर साखर, किलोभर हरभरा डाळ आणि लिटरभर पामतेल. आनंद कशात आहे याबद्दल सरकारची समजूत स्पष्ट आहे. चारातली एक डाळ चुकून आली असावी, पुरणासाठी.

आणि शुगर निघाली की सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिन फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. म्हणजे एका खिडकीत चढवणारं, दुसऱ्या खिडकीत उतरवणारं. दोन्ही खिडक्या सरकारी, दोन्ही फुकट. मधली डाळ तेवढी आपली आपण घ्यायची.

"पण मला कशी निघाली?" हा तात्यांचा खरा प्रश्न. तात्या काठीसारखे. पोट नाही, गाल नाहीत, सायकलवर अजून अवसरीपर्यंत जातात. शुगर ही त्यांच्या समजुतीप्रमाणे सोसायटीच्या चेअरमनला व्हायची गोष्ट.

याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या पोरांचा अभ्यास केला. आपल्यासारख्याच खेड्यांचा. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्रज बाळापेक्षा बरीच हलकी. पण कमी होतं ते मांस, चरबी नव्हे. हात-पाय काटकुळे, चरबी मात्र राखून ठेवलेली. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या त्यांच्या डॉक्टर मित्राचा, जॉन युडकिन यांचा, फोटो छापला. दोघांचा बीएमआय जवळपास सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बघायला दोघेही सडपातळच. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मी आतून चेअरमन हाय."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

मांस कमी म्हणजे साखर खपवणारं कोठार लहान. ते राखायला प्रथिनं लागतात, आणि आमच्या ताटात ती तोंडी लावण्यापुरती असतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी भरली. मेथीच्या जुडीची ही ताकद. आणि मेथीची जुडी आमच्याकडे काय करते? ती वाशीला जाते. ओतूर-नारायणगावच्या बाजारात संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीचे ढीग लागतात, रात्री टेम्पो निघतात. पिकवणाऱ्याच्या घरी त्या रात्री बटाट्याचा रस्सा. भाव पडला की मात्र मेथी जनावरांपुढे पडते. टोमॅटोचंही तेच. २०२३ च्या जुलैत नारायणगावात वीस किलोच्या क्रेटने दोन हजार ओलांडले तेव्हा लोक राखणीला शेतात झोपत होते, सप्टेंबर येईतो भाव आपटले. महाग असताना खायची नाही कारण पैसे होतात, आणि स्वस्त असताना खायची नाही कारण तोंड बघवत नाही. आमच्याकडे भाजी हे अन्न नाही, तो बाजारभाव आहे.

हुलग्याचं बघा. मुरमाड जमिनीत, दोन पावसांवर येणारं कडधान्य. शंभर ग्रॅममध्ये साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं. आमची आजी आठवड्यातून दोनदा शेंगोळी करायची. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, हाताने वळलेल्या वेटोळ्या, फोडणीच्या पाण्यात शिजवलेल्या. थंडीत माडगं. बाकीचे हुलगे बैलांना. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि बैलांबरोबर हुलगेही गेले. आता हुलगे मागितले तर दुकानदार विचारतो, मुतखडा झालाय का?

हा उलटा न्याय मला कळत नाही. गुरांचं ओट माणसाच्या ताटात आलं ते डब्यातून, परदेशी नाव घेऊन. माणसाच्या ताटातला हुलगा बैलाचं खाणं म्हणून हाकलला गेला. तात्यांना मी म्हटलं, गोठ्यातलंच खायचं असेल तर निदान बैलाचं खा, जर्शीचं नको.

बाजरीचं नशीब जरा बरं. २०२३ हे तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, अर्थसंकल्पात तिला 'श्री अन्न' म्हटलं गेलं आणि ती भाकरीतून उठून बिस्किटाच्या पुड्यात जाऊन बसली. पुड्यावर भाकरी थापणाऱ्या आजीचं चित्र. आत मैदा, साखर आणि नावाला बाजरी. शिवनेरी बघून परतणारी पुण्यातली मंडळी रस्त्याकडेच्या ढाब्यावर चुलीवरची भाकरी खातात आणि सांगतात की तुम्ही लोक किती हेल्दी खाता. तीन भाकऱ्या खातात.

तेव्हा भाकरीबद्दलही जरा वाकडं बोलू द्या, गावातल्यांनी रागावू नये. २०२५ च्या सप्टेंबरात 'नेचर मेडिसिन'मध्ये आयसीएमआर-इंडियाब पाहणीतला आहाराचा भाग छापून आला. भारतीय माणूस आपल्या उष्मांकातले ६२ टक्के पिष्टमय आणि गोड पदार्थांतून घेतो. आणि नुसता भाताच्या जागी गहू किंवा बाजरी-ज्वारी-नाचणी केल्याने धोका कमी झालेला दिसला नाही, धान्याचं एकूण माप तेवढंच राहिलं तर. फरक पडतो तो धान्यातलं थोडं काढून तिथे डाळ, कडधान्य, दूध-दही आलं तर. म्हणजे भाकरी कोणती हा प्रश्न दुसरा, किती हा पहिला.

आमच्या काकीची भाकरी ताटाएवढी. एकीला शंभर ग्रॅम पीठ लागतं, मी वजन करून बघितलं, काकीने त्याबद्दल मला वेड्यात काढलं. त्यात साठ-पासष्ट ग्रॅम पिष्ट. तात्या दोन वेळेला मिळून पाच खायचे, वर भात. सोबत कालवण, म्हणजे लाल पाणी आणि त्यात पोहायला शिकणारे चार दाणे. आमच्या भागाची मासवडी जगात भारी आहे : बेसनाच्या वळकटीत तीळ, खोबरं, लसूण. शुगरवाल्याला इतकी सोयीची मेजवानी शोधून सापडणार नाही. पण आम्ही मासवडीच्या दोन चकत्या घेतो आणि रश्शात चार भाकऱ्या कुस्करतो. मासवडी साक्षीदार म्हणून बाजूला बसते.

मग काकीने आपल्या मनाने ताट बदललं. भाकरी एका वेळेला दीड. उसळ पळीभर होती ती वाटीभर झाली. मटकी, हुलगे, चवळी, जे घरात असेल ते. एका वाटीला मूठभर कोरडी मटकी लागते, चार-पाच रुपयांची. एक भाकरी वाचली तिचेही पैसे वजा करा. दुपारी पेलाभर ताक, ते तर घरचं. एक अंडं, सहा ग्रॅम प्रथिनं, सफरचंदाच्या निम्म्या पैशांत. बदामांऐवजी मूठभर शेंगदाणे, भिजवून. मूठ म्हणजे काकीची, तात्यांची नव्हे. पावसाळ्यात पश्चिमेकडून, भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी पट्ट्यातून बायका घोडेगावच्या बाजाराला टाकळा, कुरडू, करटुली घेऊन येतात. टाकळ्या-कुरडूचा वाटा अजूनही खिशाला परवडतो. करटुली मात्र आता शहरातल्यांना समजली आहे, त्यामुळे ती गेली.

चहावर लढाई झाली. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे साठ ग्रॅम साखर नुसत्या पाहुणचारात. तात्यांनी तोड काढली : गुळाचा चहा. सेंद्रिय गूळ, ओळखीच्या गुऱ्हाळावरचा. गूळ चालतो म्हणे. गूळ ही कपडे न बदललेली साखर आहे. उसातून निघाली, काहिलीत बसली, कारखान्यापर्यंत गेली नाही, एवढाच तिचा संयम. रक्तात गेल्यावर ती आपण सेंद्रिय असल्याचा दाखला दाखवत नाही.

नंतर कुणीतरी जांभळाच्या बियांची पूड दिली. कुणी कारल्याचा रस सांगितला. हे घेऊन गोळी बंद करणारे दर गावात दोघे-तिघे असतात आणि त्यांच्यातल्या एकाचा अंगठा गेलेला असतो, तरी पूड चालूच.

मधल्या काळात महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर असा वाद पेटला होता. दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, असं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते. थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा, घरचं खा, असं ऋजुता दिवेकर. लग्नाच्या मांडवात दोन पंगती पडायच्या बाकी होत्या. आमच्या काकीला दोन्ही पंथ मान्य. ती पिढ्यान्‌पिढ्या दोनदाच जेवते, कारण तिसरं नसतं, आणि पंचावन्न मिनिटं कशाला, नऊ मिनिटांत उरकते, कारण मजुरांचा टेम्पो उभा असतो.

पण इथे एक सांगून ठेवतो, चेष्टा बाजूला ठेवून. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी टोमॅटो तोडायला जाऊ नका. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती उन्हाची तिरीप नसते, साखर खाली आलेली असते. त्या वेळी मात्र साखरेचं पाणी घ्यायचं, पदराला खडीसाखर बांधून न्यायची. आणि गोळीची मात्रा उपासाआधी डॉक्टरला विचारायची, पुजाऱ्याला नाही.

उपास तर आमच्याकडे फारच. दोन अष्टविनायक एकट्या जुन्नर तालुक्यात, ओझर आणि लेण्याद्री. चतुर्थी, एकादशी, सोमवार भीमाशंकराचा. उपास म्हणजे साबुदाणा, म्हणजे शुद्ध पिष्ट. सोबतीला सातगाव पठारचा बटाटा, रताळं, वर राजगिऱ्याची गूळ घातलेली वडी. देव एवढं मागत नाही. उपासाच्या दुसऱ्या दिवशी शुगर तपासायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. देवावरचा विश्वास डळमळतो.

आता ती गोष्ट, जी मला आधी सांगायला हवी होती. ग्रामपंचायतीत ज्या शिबिरात तात्यांची तपासणी झाली त्याच शिबिरात काकीचीही झाली होती. तिची तात्यांपेक्षा जास्त होती. कागद एकच आला आणि तो तात्यांच्या नावाचा. बदामाचा हिशोब, ओटाची चेष्टा, ताटाची फेररचना, सगळं तात्यांसाठी. काकी शेवटी बसते. तोवर उसळीचा तळ लागलेला असतो आणि भाकऱ्या उरलेल्या असतात. तात्यांची वाचलेली भाकरी कुठे जाते हे मी महिनाभर विचारलंच नाही. ती काकीच्या ताटात जात होती. टाकायची कशी?

१०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आहे असं इंडियाबने २०२३ मध्ये सांगितलं. शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९. पण काठावर उभे असलेले, ज्यांची अजून निघालेली नाही पण निघेल, ते शहरात आणि खेड्यात जवळपास सारखेच, पंधरा टक्क्यांच्या आसपास. यातल्या कितीजणी शेवटी जेवतात, हे मोजायला अजून कुणी आलेलं नाही.

काकीच्या ताटातल्या भाकरीचं मी बोललो तेव्हा ती उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून दोन वाट्या आधीच काढून ठेवल्या जाऊ लागल्या, झाकण घालून. लॅमिनेट केलेला कागद मोड आलेल्या मटकीच्या पातेल्यावर असतो, बरोबर बसतो, पुसता येतो. तात्यांची तीन महिन्यांची आता ७.१ आहे. काकीची अजून केलेली नाही, सुगी आहे.

दिवाळीआधी शेअरच्या साखरेचं वाटप आणि दवाखान्यातला गोळ्यांचा दिवस एकाच दिवशी आला. दोघांनी रांगा वाटून घेतल्या. काकी गोळ्यांच्या, तात्या साखरेच्या. काकी तासाभरात आली. तात्या दुपार टळल्यावर, पोतं सायकलच्या कॅरिअरवर आडवं टाकून, हाताने ढकलत.

"आता ही खायची कुणी?" मी विचारलं.

"पाव्हणं येत्याल की सणाला," तात्या दोरी सोडत म्हणाले. "त्यांना कुठं शुगर हाय?"

"निघंल," काकी आतून म्हणाली.